मग पुस्तक आहे कुठं?

"किती नकला काढल्या?" काकांनी विचारलं. आईचं पुस्तक त्यांच्या हातात नुकतंच दिलं होतं. दांडिया बाजारातल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, दोराला धरून चढायच्या त्या उभ्या जिन्यानं मी धापा टाकत वर पोचले होते. काकूंनी चहा ठेवला होता, आलं कुटल्याचा वास येत होता. पुस्तक घेण्याआधी काकांनी पंच्याला हात पुसले. हात कोरडेच होते. पण ज्या माणसानं ३८ वर्षं रावपुऱ्यातल्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले, त्याला छापलेल्या कागदाला हात लावण्याआधी तो पुसायची सवय लागलेली असते. नकला हा आमच्या बडोद्याच्या मराठीतला शब्द. पुण्याच्या माणसाला त्यात कुणाची तरी नक्कल ऐकू येईल, पण इथं गुजराती शेजारात राहून पुस्तकाच्या प्रतीला नकल म्हणणं आमच्या तोंडात कधी बसलं ते कळलंही नाही. जुन्या गुजराती पुस्तकांच्या पहिल्या पानामागे किंमत आणि सालाच्या जोडीला किती नकला छापल्या तो आकडाही पुष्कळदा असतो. काका तेच पान उलटून आकडा शोधत होते.

"काका, तशी आवृत्ती काढलेली नाही. कुणी मागितलं की छापतात. एकानं मागितलं तर एक."

"म्हणजे आत्ता छापून तयार किती आहेत?"

"तयार एकही नाही. ही तुमच्या हातातली, एक माझ्याकडे, आणि ज्यांनी ज्यांनी मागवलं त्यांच्याकडे गेलेली."

त्यांनी एकदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मग पुस्तक आहे कुठं?"

"फाइल आहे ना काका. त्यांच्या सर्व्हरवर," मी म्हटलं आणि म्हणताना मलाच ते उत्तर अपुरं वाटलं.

काका काही बोलले नाहीत. चहा आला.

परत येताना सुरसागर तलावाच्या कडेला गाडी उभी करून मी थोडा वेळ तशीच थांबले. पुस्तक आहे कुठं, हा प्रश्न म्हाताऱ्या माणसाला नवी पद्धत समजली नाही म्हणून आलेला नव्हता. काकांना पद्धत पहिल्या वाक्यातच समजली होती. प्लेट नाही, फर्मा नाही, मशीनवरून थेट अख्खी पानं बाहेर पडतात, गरम गोंदात बुडवून कव्हर चिकटवतात. हे त्यांनी मला चहा पिताना उलट समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं ते निराळंच होतं, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं.

बाबांचा कवितासंग्रह १९८३ साली याच काकांनी जुळवला. पाचशे प्रती. मी तेव्हा आठ वर्षांची होते. प्रूफं आणायला बाबांबरोबर छापखान्यात जायचे. शाईचा आणि रॉकेलचा मिळून एक वास, ट्रेडल छपाईयंत्राचा धाड-खट, धाड-खट असा ठेका, आणि उताराच्या लाकडी केससमोर उभे असलेले काका. त्यांचा उजवा हात खणांवरून असा फिरायचा की वाटायचं, हा माणूस बघतच नाही. "ऱ्याचा खण वेगळा," ते मला दाखवायचे, "आणि तो रिकामा झाला की लेखकाला सांगायचं, दऱ्याखोऱ्या कमी करा." मला ते अक्षर उलटं दिसायचं. त्यांना ते सुलटंच दिसत असावं.

पाचशेतल्या दीडशे-पावणेदोनशे प्रती गेल्या. काही विकल्या, बऱ्याचशा वाटल्या. उरलेले गठ्ठे दिवाणाखाली गेले आणि मग जिथं जिथं आम्ही राहायला गेलो तिथं तिथं आमच्याबरोबर आले. आईनं त्यांना कधी रद्दी म्हटलं नाही, पण दिवाळीची सफाई करताना दरवर्षी ते गठ्ठे बाहेर ओढायचे, कसर झटकायची, कडुलिंबाचा पाला नवा घालायचा आणि परत आत ढकलायचे, हे तिच्याच वाट्याला आलं. बाबा त्या दिवशी घरात थांबायचे नाहीत. न विकलेल्या पुस्तकाला वजन असतं, ते घरातल्या सगळ्यांना उचलावं लागतं. हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

मग ३१ जुलै २०१९. एका दिवसात जवळजवळ २० इंच पाऊस. विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या कारेलीबागेतल्या तळमजल्यावर शिरलं तेव्हा बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. आम्ही आईला आणि तिच्या औषधांना वर नेलं, गॅसचं सिलिंडर वर नेलं, दिवाणाखालचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. पाणी ओसरल्यावर गठ्ठे बाहेर काढले तर ते फुगून दोरीत रुतलेले. गाळाचा आणि ओल्या खळीचा आंबूस वास. कविता एकमेकींना चिकटलेल्या. आईनं त्यातल्या बाराएक प्रती निवडल्या आणि गच्चीवर कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीला टांगल्या. वाळल्यावर पानं पापडासारखी झाली. उघडताना आवाज करायची. बाकीचं सगळं महानगरपालिकेच्या ट्रॅक्टरमध्ये गेलं. ट्रॅक्टर वळणापर्यंत गेला तरी ती दारातच उभी होती. आत येऊन म्हणाली, "माझं कधी छापलंत तर असे गठ्ठे करू नका."

आईचंही छापायचं होतं, हे तिनं पहिल्यांदा असं सांगितलं.

खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. २०१८ च्या फेब्रुवारीत साहित्य संमेलन बडोद्यात झालं, तेव्हा तीन दिवस ती पुस्तकांच्या स्टॉलवरच होती. परिसंवादांना बसली नाही. प्रत्येक स्टॉलवर आठवणींची, घराण्यांच्या इतिहासाची पुस्तकं उघडायची, पहिलं पान वाचायची, परत सरळ करून ठेवायची. तिच्या दोनशे पानी वह्या सात होत्या. निळ्या शाईत, समासाच्या पलीकडे एक अक्षर जाऊ न देता, मास्तरीण होती ती. वाड्यातलं बालपण, चार बिऱ्हाडांचा एक नळ, गुजराती मैत्रिणींबरोबर केलेले गौरीव्रताचे अळणी उपास, मराठी शाळेतली नोकरी, आणि त्या शाळेच्या वर्गातल्या मुलांची संख्या वर्षागणिक कमी होत गेली त्याची शांत नोंद. ती शाळा आता नाही. आईही २०२१ मध्ये गेली.

वह्या टाइप करायला मला दीड वर्ष लागलं. मग पुण्यातल्या एका प्रकाशकांकडे पाठवलं. त्यांनी मनापासून वाचलं होतं हे त्यांच्या पत्रावरून दिसत होतं, आणि म्हणून त्यांचं उत्तर जास्त लागलं. लेखन स्वच्छ आहे, पण बडोद्याच्या आठवणी महाराष्ट्रात कोण घेणार? तुम्ही तीनशे प्रती स्वतः विकत घेत असाल तर विचार करू. तीनशे प्रती म्हणजे परत दिवाण. त्यानंतर कुठूनशी कुणाला चाहूल लागली आणि फोन सुरू झाले. पुस्तक काढून देणाऱ्या एका कंपनीतला मुलगा रोज दुपारी फोन करायचा, ताई ताई म्हणायचा आणि पॅकेजं सांगायचा. सर्वांत महागड्यात पुरस्कार धरलेला होता! आईच्या पुस्तकाला पुरस्कार आधी ठरवून. त्या दिवशी मी फोन ठेवला आणि नंबर बंद करून टाकला. पैसे लेखकाकडूनच काढायचे आणि वाचकाचं नाव फक्त जाहिरातीत घ्यायचं, असा धंदा मागणीनुसार छपाईच्या नावाखाली चालतो, हे नव्या लेखकांनी नीट ओळखून असावं असं मला फार वाटतं. मशीनचा त्यात काही दोष नाही. मागणीनुसार छपाई ही छापण्याची एक रीत आहे. ती सुरू करायला हजारो रुपये लागतच नाहीत.

मी ज्या रीतीनं केलं त्यात आधी पैसे दिलेच नाहीत. आतल्या पानांची पीडीएफ आणि कव्हरची पीडीएफ चढवायची, कागद आणि आकार निवडायचा, किंमत ठरवायची. कव्हरच्या कण्याची रुंदी पानांच्या संख्येवरून आणि कागदाच्या जाडीवरून निघते. १७६ पानांचा कणा बोटाच्या पेरापेक्षा अरुंद निघाला, त्यावर आईचं नाव बसवताना माझी एक रात्र गेली. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय यांच्या नावानं सरकारची जी संस्था आहे तिथून मिळतो, फुकट मिळतो, लेखकाला स्वतःच्या नावावरही मिळतो. त्याचे हजारो रुपये सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ऑफसेट छपाईला प्लेटा करायच्या, मशीन लावायचं, रंग जुळेपर्यंत कागद वाया घालवायचा, हा सगळा खर्च पहिल्या प्रतीच्या आधीच होतो. मग तो पाचशे-हजार प्रतींवर पसरतो आणि प्रत स्वस्त पडते. इथं प्लेट नाही, म्हणून पहिली प्रत जेवढ्याला तेवढ्यालाच शंभरावी. मला प्रत दीडशेच्या आसपास पडली. पाचशे काढल्या असत्या तर त्याच्या निम्म्यात पडली असती. पण स्वस्त कुणासाठी? सात महिन्यांत आईच्या पुस्तकाच्या ६३ प्रती गेल्या आहेत. हा आकडा लहान आहे, आणि तो माझा खरा आकडा आहे. बाबांच्या पुस्तकावर छापलेल्या पाचशेपेक्षा मला त्याचा आधार जास्त वाटतो, कारण या ६३ मधली प्रत्येक प्रत कुणीतरी मागितलेली आहे.

पहिली ऑर्डर अनोळखी नावाची आली ती संध्याकाळ मी विसरणार नाही. नागपूरची. आमचं नागपुरात कुणी नाही. त्या बाईंनी नंतर पत्ता शोधून पत्र लिहिलं, त्यांचं माहेर इथल्याच बाबाजीपुऱ्यातलं. चार बिऱ्हाडांच्या नळाचं प्रकरण वाचून त्यांनी आपल्या नळाच्या दोन गोष्टी लिहिल्या होत्या. दिवाणाखाली पाचशे प्रती असत्या तर यातली कुठलीही त्यांच्यापर्यंत पोचली नसती. पण फाइल कुठंतरी सर्व्हरवर होती, त्यांनी नाव शोधलं, कुठल्याशा शहरातल्या मशीननं रात्रीतून त्यांच्यापुरतं एक पुस्तक केलं.

मग काकांचा प्रश्न मला का बोचत होता?

आईच्या तिसऱ्या वहीत तिच्या आजोबांची गोष्ट आहे. बडोदा राज्याच्या कडी प्रांतातल्या एका खेड्यात ते शाळामास्तर होते. शिक्षण सक्तीचं झालं होतं, मुलं वाचायला शिकत होती आणि वाचायला गावात काही नव्हतं. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि त्यानंतर राज्यभर ग्रंथालयांचं जे काम उभं राहिलं, त्यातली फिरत्या ग्रंथालयाची लाकडी पेटी या गावातही आली. आजोबा सांगायचे, पेटी चावडीवर उतरवली तेव्हा लोकांना वाटलं सरकारी दप्तर आलं, सारावसुलीचं. कुणी जवळ येईना. तीन दिवस पेटी तशीच पडून होती. चौथ्या दिवशी एका पोरानं कडी काढली. त्या गावातून कुणी पुस्तकाची मागणी केलेली नव्हती. पुस्तक असं मागायचं असतं हेच तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. पेटी आधी आली, मागणं नंतर आलं.

हे टाइप मीच केलं होतं, प्रूफं मीच तपासली होती. तरी ते मला लागू पडतं हे सुरसागरच्या कडेला लक्षात आलं. आईचं पुस्तक ज्याला हवं त्याला मिळतं. ज्याला ते आहे हेच माहीत नाही, त्याला ते कधीच भेटणार नाही. दुकानात ते नाही. दुकानदाराला द्यायचं कमिशन या किमतीत बसत नाही, आणि न खपलेली प्रत परत घ्यायची सोयही नाही, मग तो का ठेवील? बडोद्यात मुळात मराठी पुस्तकांचं दुकान शोधावं लागतं. मी स्वतः वाचायला लागले ती मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत, काचेच्या जमिनीवर. खालच्या मजल्यावरचा माणूस पायाखाली धूसर सावलीसारखा हलताना दिसायचा. मी भीत भीत, कपाटाला धरून चालायचे, आणि भीती वाटली की समोर हाताला येईल ते पुस्तक ओढायचे. माझ्या आयुष्यातली चांगली निम्मी पुस्तकं अशी पडण्याच्या भीतीनं हाताला आलेली आहेत. ती मी मागितली नव्हती.

पंधरा दिवसांनी काकांचा निरोप आला, येऊन जा. या खेपेला पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं आणि त्यातून कागदाच्या चिठ्ठ्या बाहेर डोकावत होत्या. "बांधणी घट्ट आहे. दोन्ही हातांनी दाबून धरल्याशिवाय वाचता येत नाही. आतला समास दोन रेघा जास्त सोडायला हवा होता." मग त्यांनी पान पालथं करून त्यावरून अंगठा फिरवला. "दाब नाही," ते म्हणाले. खिळ्यांनी छापलेलं पान मागून चाचपलं की अक्षर हाताला लागायचं. हे पान दोन्हीकडून गुळगुळीत. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यांनी फक्त नोंद केली. मग ९१ वं पान काढलं.

"हे वाच."

आत्याच्या लग्नाचं वर्णन. मी वाचलं आणि थांबले. आईनं वहीत लिहिलं होतं की आचाऱ्यांनी पहाटेच चक्का टांगला. पुस्तकात आचार्यांनी चक्का टांगला होता. टाइप करताना मी बरोबरच केलं होतं. पण हा ऱ्या संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो आणि त्यातल्या एका तऱ्हेत मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. मजकूर एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात गेला की कधीकधी ते चिन्ह गळून पडतं आणि रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. बहुतेक मी पकडले होते. हा निसटला. काकांनी शिसपेनीनं समासात खूण केली होती, प्रूफावर करतात तशी, बारीक, सुबक, आणि खाली लिहिलं होतं: ऱ्या.

"शुद्धिपत्र काढशील?" बाबांच्या पुस्तकात काढलं होतं, सात चुकांचं, गुलाबी कागदावर. आम्ही दोघांनी बसून खळीनं पाचशे प्रतींत चिकटवलं होतं.

"गरज नाही काका. आज रात्री फाइल दुरुस्त करते. उद्या जो मागवेल त्याला बरोबरच मिळेल."

त्यांचा चेहरा उजळला. छापल्यावर चूक दुरुस्त करता येते, ही गोष्ट त्यांना अख्ख्या नोकरीत मिळालेली नव्हती. दोनदा त्यांनी विचारून खात्री करून घेतली. मग जरा वेळानं म्हणाले, "आणि आधीच्या नकला? एकाच नावाची दोन पुस्तकं झाली मग. कुणाला कळणार कुठली कुठली?" यावर मी त्या रात्री पहिल्या पानामागे एक ओळ वाढवली, कितव्या तारखेला काय दुरुस्त केलं त्याची. कुणी सांगितलेलं नाही, नियम असला तर मला माहीत नाही, पण ९१ व्या पानावर ज्याच्याकडे आचार्य आहेत त्यालाही कळायला हवं.

फाइल चढवली. मग टेबलावरची पावती दिसली. पुस्तक निघाल्यावर ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रकाशकानं स्वखर्चानं पाठवायची असते, १९५४ चा कायदा आहे. ते मी पहिल्याच महिन्यात केलं होतं. म्हणजे आईचं पुस्तक कोलकात्यात होतं. चेन्नईत होतं. मांडवीत नव्हतं. जिथं ती चप्पल हातात घेऊन काचेवरून चालायची, तिथं नव्हतं.

मागवायच्या पानावर संख्येच्या चौकटीत आपोआप १ आलेला असतो. मी तो पुसला आणि २५ लिहिले. चार हजाराच्या आसपास गेले, त्यात मला काही मिळणार नाही. एक मांडवीला. एक आमच्या डॉक्टरांच्या बाकड्यावर, जिथं लोक तास तास बसतात आणि जुन्या मासिकांची पानं उलटतात. एक गणपती मंडळाच्या कपाटात. आईच्या शाळेच्या जागी आता जे आहे तिथल्या रखवालदाराची मुलगी मराठी वाचते, तिला एक. अशी यादी पंधराला थांबली.

आठ दिवसांनी खोकं आलं. उघडलं तर गरम गोंदाचा आणि झेरॉक्सच्या दुकानाचा मिळून वास. सगळ्यांत आधी ९१ वं पान पाहिलं. आचारी जागेवर होते. खोकं तसंच घेऊन मी दांडिया बाजारात गेले, एका हातात दोर, एका काखेत खोकं. काकांना दुरुस्त प्रत दिली. त्यांनी हात पुसले, पान पाहिलं, आणि मग खोक्यात डोकावून मोजलं.

"पंधरांचं सांगितलंस. बाकीच्या दहा?"

त्या कुणासाठी आहेत ते अजून ठरलं नव्हतं, मी तसं सांगितलं. घरी परत तळमजल्यावर न्यायच्या, एवढंच डोक्यात होतं.

काका उठले, वाकून खाटेखालची पत्र्याची पेटी एका बाजूला सरकवली. "इथं ठेव. येणारा-जाणारा असतो, कुणी विचारलं तर देईन," ते म्हणाले. "आणि इथवर पाणी चढत नाही."